चार इंजिनं आणि एक दार

अटलांटिकच्या या किनाऱ्यावर मराठी माणसाने विमानविद्येच्या इतिहासात आपलं कायमचं स्थान निर्माण केलं आहे, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. ते स्थान अडीच फूट रुंद आणि साडेतीन फूट खोल आहे. त्याला आतून कडी आहे.

नोव्हेंबर संपत आला. हॅलिफॅक्सचं धुकं समुद्रावर परत गेलं आणि घर गरम ठेवणारी फर्नेस घुमू लागली. हा ऋतू मला कॅलेंडरवर बघावा लागत नाही. स्वेटर डोक्यावरून काढताना उरलेसुरले केस ताठ उभे राहतात, दाराच्या मुठीला हात लावला की झटका बसतो, बोटांच्या पेरांवरची कातडी तडकते आणि मुलगी फोनवर हवेत ओल सोडणारा ह्युमिडिफायर घ्या म्हणून सांगते. मी बघतो म्हणतो. मग एका सकाळी स्वयंपाकघरातल्या पॅन्ट्रीचं दार, ज्याला जूनपासून खांदा लावावा लागत होता, बोटाच्या धक्क्याने मिटतं आणि टक् असा आवाज येतो. लाकडातलं पाणी गेलं. हिवाळा आला.

तो आवाज झाला की मला दत्ता कर्णिकचं बेसमेंट आठवतं, आणि चार वर्षांपूर्वीचा तो हिवाळा, ज्यात आम्ही दोघांनी मिळून ब्रिटिश साम्राज्याच्या एका विमानाचं वॉशरूम बांधलं. आम्ही म्हणजे कर्णिकने. मी टेपचं दुसरं टोक धरलं. गणिताच्या प्राध्यापकाला निवृत्तीनंतर यापेक्षा जबाबदारीचं काम कोणी देत नाही.

कर्णिक मूळचा सोलापूरचा. इथे जहाजं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत छत्तीस वर्षं इंजिनियर होता, आणि त्या छत्तीस वर्षांत त्याने एकही गोष्ट बनवली नाही. त्याचं काम तपासण्याचं. इंजिनियरिंगच्या ड्रॉइंगमध्ये उजवीकडे खाली एक चौकट असते. तिच्यात एका घरात काढणाऱ्याची आद्याक्षरं असतात आणि त्याखालच्या घरात तपासणाऱ्याची. कर्णिक कायम खालच्या घरात राहिला. त्याच्या टेबलाच्या मागे कंपनीची दिवसभर घणघणणारी कॉम्प्रेसर रूम होती. तिथे बसून तो दुसऱ्यांच्या चुका लाल पेन्सिलीने गोल करत असे. त्याला दुसरं टेबल देऊ केल्याचं मी कधी ऐकलं नाही, आणि त्याने मागितल्याचंही नाही.

एकदा फेरीबोटीतून बंदरापलीकडे डार्टमथला, त्याच्या घरी जाताना बंदरातल्या बोटींकडे बघत तो म्हणाला, "मास्तर, यातल्या निम्म्या माझ्यामुळे बुडालेल्या नाहीत. पण न बुडालेली बोट काही दाखवता येत नाही."

तो विषय तिथेच थांबला असता. पण त्या हिवाळ्याआधीच्या सप्टेंबरात देशाच्या दुसऱ्या टोकाला, बर्नाबीला राहणाऱ्या त्याच्या मुलाने आईवडिलांना आपल्याजवळ बोलावलं, आणि कर्णिकच्या बायकोने, सुनंदावहिनींनी, होकार दिला. घर विकायचं, जूनमध्ये निघायचं असं ठरलं. मुलाच्या इमारतीतच एक छोटा कॉन्डो, म्हणजे आपल्याकडचा फ्लॅट, बघितला होता. कॉन्डोला बेसमेंट नसतं. म्हणजे हातांनी काही बनवायचं असेल तर कर्णिककडे एकच हिवाळा उरला होता. तो हे स्वतः असं म्हणाला नाही. तो म्हणाला, "या वेळी जरा त्या म्युझियममध्ये बघून येऊ."

ते म्युझियम म्हणजे विमानतळाच्या रस्त्याला लागून असलेलं, विमानं ठेवायचं एक जुनं हँगर आणि त्यात निवृत्त लोकांचा एक जथा. मे महिन्यात व्हिक्टोरिया डेला ते लोकांसाठी उघडतं आणि ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगला बंद होतं. हिवाळाभर आत पाइप गोठू नयेत इतपत हीटिंग ठेवतात, आणि जाकिटं घातलेले पाचसहा जण काहीतरी ठोकत असतात. अध्यक्ष गॉर्डन, नौदलातून निवृत्त झालेला, सहा फूट उंच, प्रत्येक वाक्यात 'हेरिटेज' हा शब्द बसवणारा. त्याचे वडील तरुणपणी इंग्लंडमध्ये एका विमान कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. त्यांच्या पश्चात पत्र्याच्या एका नळकांड्यात ड्रॉइंगच्या पाच गुंडाळ्या सापडल्या. गॉर्डनने त्या आम्हाला दाखवल्या तेव्हा आधी हात धुऊन आला.

ते एका प्रवासी विमानाचे कागद होते. चार इंजिनांचं, दुहेरी पंखांचं, दुसऱ्या महायुद्धाच्या बरंच आधीचं. साहेबाला त्या काळी आपलं साम्राज्य हवेतून बघायची घाई झाली होती, आणि घाई भागवण्यासाठी त्याने ताशी शंभर मैलांच्या आसपास जाणारं विमान बनवलं. हे विमान समोरचा वारा स्वतःबरोबरच घेऊन फिरतं, अशी थट्टा तेव्हाच चालायची. लंडनजवळच्या कारखान्यात सुटे भाग बनत आणि दुसरीकडे मैदानालगत त्यांची जुळणी होई. अशी किती बनली? आठ. आठ ही काही उत्पादनाची संख्या नव्हे, जेवायला बोलवायची आहे. प्रत्येकाला इतिहास-पुराणातलं एकेक भारदस्त नाव दिलं होतं. अर्धी युरोपात फिरली, अर्धी इजिप्तहून इराणच्या आखाताच्या कडेकडेने कराचीपर्यंत. आज त्यांतलं एकही शिल्लक नाही. कॅनडात तर ते कधी आलंच नव्हतं, आणि नेमक्या याच कारणासाठी हॅलिफॅक्समध्ये त्याची प्रतिकृती हवी असं गॉर्डनने समितीला पटवून दिलं होतं. म्युझियमचं तर्कशास्त्र वेगळं असतं.

पण एक कबूल करायला हवं. कर्णिकने ते कागद टेबलावर पसरले आणि बोट ठेवून मला वाचून दाखवले, तेव्हा त्या कूर्मगती विमानाबद्दल मला आदर वाटला. दोन इंजिनं वरच्या पंखांवर, दोन खालच्या पंखांवर. खालचा पंख सरळ नेला असता तर त्याच्या तुळया बसलेल्या लोकांच्या गुडघ्यांमधून गेल्या असत्या. म्हणून तो पंख मुळाशी वर वाकवून छतावरून पलीकडे नेला होता. पंगतीत वाढप्याने पानं ओलांडू नयेत तसा. आणि आवाज? चार इंजिनं जिथे फिरणार तिथे कान फुटणार. डिझाइन करणाऱ्यांनी आवाज कमी करायच्या भानगडीत फार वेळ घालवला नाही. प्रवाशांची एक खोली पुढे केली, एक मागे, आणि मधल्या टप्प्यात, जिथे गोंगाट सगळ्यात जास्त, तिथे टपाल, सामान आणि वॉशरूम ठेवलं. जिथे आवाज आहे तिथे कोण किती वेळ बसतो याचा विचार करून प्रश्न सोडवला. कर्णिक म्हणाला, "बरोबर आहे. आमच्या कंपनीनेही असाच सोडवला होता." मला कॉम्प्रेसर रूम आठवली.

गॉर्डनच्या नळकांड्यातल्या पाचही गुंडाळ्या या मधल्या भागाच्याच होत्या. कॉकपिट नाही, पंख नाहीत. तेव्हा समितीने जे होतं तेच बांधायचं ठरवलं: मधल्या टप्प्याचा एक तुकडा आणि त्याला लागून पुढच्या खोलीतल्या चार खुर्च्या. अॅल्युमिनियमचा सांगाडा हँगरमध्ये उभा राहू लागला होता. खुर्च्यांसाठी, पडद्यांसाठी, भिंतीवरच्या छोट्या दिव्यांसाठी सभासदांनी हात वर केले. वॉशरूमला कोणी हात वर केला नाही. कर्णिकने केला. घरी परतताना मी गाडीत विचारलं, हेच का? तो म्हणाला, पाच कागदांपैकी एकाच कागदावर सगळी मापं पूर्ण आहेत, आणि तो वॉशरूमचा आहे. त्याला बनवायचं होतं. अंदाज बांधायचे नव्हते.

त्याच्या बेसमेंटमध्ये पायऱ्यांखाली महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीचं थर्मोकोलचं मखर ठेवलेलं असे, कोपऱ्यात कपडे वाळत घालायची ट्रेडमिल, आणि मधोमध टेबल टेनिसचं टेबल, ज्यावर मुलगा बर्नाबीला गेल्यापासून कोणी खेळलं नव्हतं. त्या टेबलावर डिसेंबरात लाकडं आली. शहरातलं एक जुनं चर्च बंद झालं होतं आणि त्यातली बाकं म्युझियमला मिळाली होती. बर्च लाकूड, शंभरएक हिवाळे बघितलेलं. मूळ विमानात अशा ठिकाणी हलकं प्लायवुड वापरलं असणार, हे आम्हाला ठाऊक होतं. पण कर्णिकला प्लाय हा शब्द आवडत नसे. आयुष्यात एकदाच दार करायचं तर लाकडाचं करू, म्हणाला. बाकांच्या पाठी उभ्या कापून, कडेला कड चिकटवून त्याने दाराची फळी केली. शिरीषकागद मारताना चर्चचा वास यायचा. मेण, धूळ आणि रविवारचा कंटाळा.

प्रत्येक कॅनेडियन माणूस तुम्हाला अशा गृहस्थाची गोष्ट सांगतो ज्याने बेसमेंटमध्ये बोट बांधली आणि ती जिन्यातून वर येईना. गॉर्डनने ती आम्हाला दोनदा सांगितली. कर्णिकने जिना मापला, जिन्याचं वळण मापलं, पुठ्ठ्याचं दार करून ते माझ्याकडून वर-खाली नेववलं. सगळं सुटं करून नेता येईल अशी आखणी केली. मूळ विमानही असंच सुटं बनून दुसरीकडे जुळलं होतं, हे तो मला जिन्याच्या वळणावर ऐकवत होता आणि माझ्या हातातला पुठ्ठा भिंतीला घासत होता. त्या चुकीला आम्ही बळी पडलो नाही. आमची चूक आमची स्वतःची होती.

जानेवारीत मी रोज दुपारी फेरीबोटीने पलीकडे जायचो. डेकवर उभं राहिलं की डोळ्यांतलं पाणी गालावर यायच्या आत थिजायचं. कर्णिकच्या दारात बूट काढायचे, वहिनींच्या हातचा चहा घ्यायचा आणि खाली उतरायचं. खाली फर्नेसच्या शेजारी उबदार आणि कोरडं ठणठणीत. कर्णिक चष्म्यावर चष्मा लावून दाराची कड अॅल्युमिनियमच्या चौकटीशी ताडून बघत असे. त्याला फट नको होती. गॉर्डनने समितीला वाटलेलं एक पोस्टकार्ड होतं, त्या विमानाच्या जुन्या फोटोचं. ते कार्ड दार आणि चौकट यांच्यामध्ये कुठेही शिरता कामा नये, ही कर्णिकची कसोटी. शिरलं की दार परत टेबलावर, कडेला नवी चीप, परत रंधा.

एक दिवस वहिनी पोह्यांच्या बश्या घेऊन खाली आल्या. वहिनी वेंगुर्ल्याच्या. त्यांनी दार उघडून मिटून बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं.

"अहो, एवढं घट्ट नको. बोटभर फट ठेवा."

"बोटभर? विमान आहे ते. शिट्टी वाजेल."

"उडणार आहे का?"

कर्णिकने रंधा उचलला. मग त्या माझ्याकडे वळल्या. "भावोजी, आमच्या न्हाणीघराचं दार मिरगापासून दसऱ्यापर्यंत लागायचंच नाही. फुगायचं. आत असलेल्याने गाणं म्हणायचं, म्हणजे बाहेरच्याला कळायचं. माझी आत्या बेसूर होती. तिला लवकर आटपायला लागायचं."

आम्ही हसलो. मी पोहे खाल्ले. एका बाईने अर्ध्या मिनिटात आम्हाला सगळं सांगितलं होतं, आणि आम्ही त्यातली आत्या तेवढी लक्षात ठेवली.

कर्णिकला सूचना मात्र लागली असावी. दुसऱ्या दिवशी त्याने हिशेब केला. हिवाळ्यात हँगरचं तापमान अमुक, उन्हाळ्यात तमुक. अॅल्युमिनियम इतकं प्रसरण पावेल, लाकूड इतकं. फरक दाढीच्या केसाएवढा. दीड पान, स्वच्छ अक्षरात. मग त्याने ते माझ्यापुढे ठेवलं, "मास्तर, चेक कर." मी ओळीओळीने तपासलं. गुणाकार बरोबर, दशांशचिन्हं बरोबर, उत्तर बरोबर. उष्णतेने काय होतं हे आम्ही पूर्ण जाणत होतो. पाण्याने काय होतं हा प्रश्न त्या कागदावर नव्हता. कर्णिक सोलापूरचा. तिथे दारं फुगत नाहीत. फुगायला पाणी लागतं. पुढचं सगळं आयुष्य पोलादात गेलं. मी पुण्याचा, आणि पुण्याच्या माणसाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अचूक देता येतं; प्रश्नच चुकला आहे हे तो फक्त दुसऱ्या पुणेकराला सांगतो.

फेब्रुवारीत कर्णिकने आपल्या कामाचं एक स्वतंत्र ड्रॉइंग काढलं. गरज नव्हती, मूळ होतंच. उजवीकडे खाली चौकट आखली. वरच्या घरात त्याने डी. के. लिहिलं. मग पेन माझ्याकडे दिलं आणि खालच्या घरावर बोट ठेवलं. मी सही केली. मी बघितलं तेव्हा तो आपल्याच आद्याक्षरांकडे बघत होता, आपण कोणाच्या तरी जागेवर बसलो आहोत आणि तो माणूस आता येईल, अशा चेहऱ्याने.

बर्नाबीचा मुलगा रविवारी व्हिडिओ कॉल करायचा. पॅकिंग कुठवर आलं, बेसमेंट रिकामं केलं का, घर विकून देणारा रिअल्टर काय म्हणाला. कर्णिक त्याला फोन फिरवून दार दाखवायचा, कडी दाखवायचा, कडी फिरवली की बाहेर 'एंगेज्ड' अशी पाटी सरकते ते दाखवायचा. मुलगा चांगला आहे, सगळं ऐकून घेतो. एकदाच म्हणाला, "बाबा, इट्स अ टॉयलेट." कर्णिक म्हणाला, "हो. मग?" मराठीत. पुढे तो विषय निघाला नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला आम्ही सगळं सुटं करून हँगरमध्ये नेलं आणि दोन दिवसांत जुळवलं. दार चढवलं तेव्हा गॉर्डन आणि त्याची मंडळी हातातलं काम टाकून आली. कर्णिकने दार एका बोटाने ढकललं. ते गेलं आणि टक् असं मिटलं. त्याने खिशातून पोस्टकार्ड काढून माझ्याकडे दिलं. मी वर, खाली, दोन्ही बाजूंनी लावून पाहिलं. कुठेही गेलं नाही. गॉर्डन काही क्षण हेरिटेज म्हणायचं विसरला. म्हणाला, आमच्या चार खुर्च्या या दारापुढे खोक्यांसारख्या दिसतात. कर्णिकने दार परत उघडलं, परत मिटलं. सातआठ वेळा. मग व्हार्निशचा शेवटचा हात दिला आणि उद्घाटनापर्यंत कोणी हात लावू नका अशी चिठ्ठी लावून दार मिटून ठेवलं. उद्घाटन जूनच्या मध्यावर होतं. त्याच आठवड्याच्या अखेरीस त्यांचं विमान होतं, बर्नाबीचं, दोन इंजिनांचं.

मधले दोन महिने तो म्युझियममध्ये फिरकला नाही. घर विकायचं म्हणजे काय हे ज्याने केलं आहे त्यालाच ठाऊक. मे महिन्यात हँगरचं हीटिंग बंद झालं. मोठी दारं उघडली. आणि मग जून आला, हॅलिफॅक्सचा जून, ज्यात धुकं बंदरातून उठून रस्त्यावर येतं, दोरीवरचे टॉवेल तीन दिवस वाळत नाहीत आणि मिठाच्या बाटलीत तांदळाचे दाणे टाकावे लागतात. माझ्या पॅन्ट्रीचं दार घट्ट झालं. मी त्याला खांदा लावला, लोणच्याची बरणी काढली आणि तेवढ्यावर सोडून दिलं. चौतीस जून मी त्या दाराला खांदा लावत आलो आहे. एकदाही माझ्या डोक्यात दुसरं दार आलं नाही.

उद्घाटनाला एक मान्यवर आले होते. त्यांचं पद इथे महत्त्वाचं नाही. त्यांच्या भाषणात ते तीनदा आलं. हे विमान म्हणजे खंडाखंडांना जोडणारा पूल होता, आणि आज पुन्हा एकदा जगाच्या विविध भागांतून आलेल्या हातांनी तो पूल उभारला आहे, असं ते म्हणाले. विविध भागांतून आलेले हात म्हणजे कर्णिकचे दोन. तो पुढच्या रांगेत सुटाबुटात बसला होता, शेजारी वहिनी, लग्नकार्यातली पैठणी नेसून. बाहेर धुक्यात धावपट्टी दिसत नव्हती आणि कुठलंही विमान उतरत नव्हतं.

फीत कापली गेली. मान्यवर चार खुर्च्यांमधून वाकून गेले, एका खुर्चीत बसून फोटो झाला. मग गॉर्डनने त्यांना दाराकडे नेलं. आमच्या प्रकल्पाचा सर्वोत्तम नमुना, म्हणाला. मान्यवरांनी मूठ धरून ओढली. दार आलं नाही. पुन्हा ओढली. मग त्यांनी जे केलं ते कोणताही सभ्य माणूस करतो: बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं. लोक हसले. गॉर्डन म्हणाला, "समवन्स इन देअर," आणि लोक आणखी हसले. तिसऱ्यांदा ओढल्यावर सगळा सांगाडा किंचित हलला, तेव्हा गॉर्डनने त्यांना हाताला धरून कॉफीकडे नेलं.

कर्णिक जागचा उठला नाही. मी त्याच्या मागे होतो. मला त्याची मान दिसत होती. वहिनींनी त्याच्याकडे बघितलं नाही; पर्समधून रुमाल काढला, त्याची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. जानेवारीत मी काय म्हणाले होते, हे वाक्य त्यांनी त्या दिवशी म्हटलं नाही, नंतरही नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात एवढी चालून आलेली संधी सोडणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. हँगर उघडायच्या आधी आम्ही तिघं तिथे होतो. त्याच्या पिशवीत रंधा होता. दाराच्या बिजागऱ्यांच्या पिना बाहेरून होत्या. काढून, दार उतरवून, कड तासून परत चढवायला तासभर पुरला असता. त्याने दारावरून हात फिरवला. मधोमध ते किंचित पोटावलं होतं. त्याने रंधा काढला, पात्याला अंगठा लावून पाहिला, आणि तसाच उभा राहिला.

"आता तासलं तर हिवाळ्यात फट पडेल," तो म्हणाला.

मी म्हटलं, हिवाळ्यात बघायला येतं कोण. म्युझियम बंद असतं.

"ड्रॉइंगवर फट नाही." मग त्याने विचारलं, "मास्तर, एप्रिलमध्ये बरोबर होतं ना? तू बघितलंस."

"कार्ड गेलं नव्हतं."

"कुठेच?"

"कुठेच नाही."

त्याने रंधा पिशवीत ठेवला. वहिनी विमानाच्या खुर्चीत बसल्या होत्या, खिडकीपाशी, पर्स मांडीवर घेऊन, जणू कराची यायची वाट बघत. त्या तिथूनच म्हणाल्या, "राहू दे आता. थंडी पडली की आपोआप सुटेल. भावोजी जाऊन बघतील." आणि अशा रीतीने माझी नेमणूक झाली.

शनिवारी ते गेले. बर्नाबीच्या कॉन्डोत खिडक्या प्लॅस्टिकच्या आहेत आणि दारं पुठ्ठ्यासारख्या कसल्याशा पदार्थाची. काहीच फुगत नाही, काहीच आटत नाही. कर्णिक सुरुवातीला इमारतीच्या पार्किंगचा नकाशा तपासत असे. त्यात त्याला दोन चुका सापडल्या. बाहेर ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत पाऊस. वहिनी म्हणतात, वेंगुर्लं परवडलं, ते दसऱ्याला तरी थांबायचं.

दर जानेवारीत गॉर्डन मला हँगरची किल्ली देतो. मी दुपारी जातो. बर्नाबीला तेव्हा सकाळ असते आणि कर्णिकचा चहा झालेला असतो. हँगरमध्ये कोणी नसतं, हीटरचा घुमणारा आवाज तेवढा. मी फोन समोर धरून दार एका बोटाने ओढतो. ते येतं. ढकलतो, टक् असं मिटतं. पलीकडे कर्णिक मान पुढे काढून बघत असतो. मागून मुलाचा आवाज येतो, "इज दॅट द टॉयलेट अगेन?" आणि वहिनींचा, "गप रे."

"फट?" कर्णिक विचारतो.

"नाही."

"कार्ड?"

मी खिशातून पोस्टकार्ड काढतो आणि लावून दाखवतो. खरं सांगायचं तर लाकूड एकदा चौकटीत फुगून दाबलं गेलं की आटताना आधीपेक्षा थोडं जास्त आटतं, हे मी मागाहून वाचलं. पहिल्या जानेवारीत कार्ड कुठेच गेलं नाही. दुसऱ्या जानेवारीत वरच्या कोपऱ्यात त्याची कड शिरली. गेल्या जानेवारीत अर्धं गेलं. मी फोन खालच्या बाजूला धरला.

"नाही जात," मी म्हटलं.

"मग ठीक," तो म्हणाला, आणि चहाचा कप उचलला.

तपासणाऱ्याच्या घरात माझी सही आहे. छत्तीस वर्षं कर्णिक त्या घरात राहिला आणि त्याने एकदाही असं केलं नसेल. मला तिथे चार वर्षं झाली.

गॉर्डनच्या समितीने दाराशेजारी एक पितळी पाटी लावली आहे. तिच्यावर विमानाची हकिगत आहे, मूळ ड्रॉइंगचा उल्लेख आहे आणि शेवटच्या ओळीत कर्णिकचं नाव आहे, स्पेलिंग बरोबर. ज्यांना हे काम प्रत्यक्ष बघायचं आहे त्यांच्यासाठी माहिती: म्युझियम व्हिक्टोरिया डेपासून थँक्सगिव्हिंगपर्यंत उघडं असतं. दार डिसेंबर ते एप्रिल.